गणिताचा भाग सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक मुलगी बारावीला कला शाखेत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट ही प्रवेश परीक्षा तिला येत्या डिसेंबरात द्यायची आहे. इंग्रजी, चालू घडामोडी आणि कायद्याचे उतारे तिला बरे जमतात. सराव परीक्षेत गाडी अडते ती संभाव्यतेच्या गणितांवर आणि तर्काच्या काही प्रश्नांवर. चौथीपर्यंतची शाळा मराठीतून झाली, पाचवीपासून इंग्रजीतून. तेच गणित घरी शांतपणे केलं की सुटतं, परीक्षेत मात्र ‘डोकं बंद पडतं’ असं ती म्हणते. मामेभाऊ सांगतो, गणिताला हातच लावू नकोस. पणजीतल्या क्लासचे सर सांगतात, सूत्रं पाठ कर आणि शनिवार-रविवारची जादा बॅच घे. त्या बॅचपायी जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातील. वडील म्हणतात, आधी बीए कर, मग वकिलीचं बघू. ‘माझं डोकंच गणिताचं नाही, आणि वकिलाला गणित लागतं तरी कुठे? मग हा भाग सोडूनच दिला तर?’ असा तिचा प्रश्न आहे. चुकलेल्या गणितांची आणि तर्काच्या प्रश्नांची काही पानं, शिवाय तीन सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तिने फोटो काढून पाठवल्या आहेत.

तुझं पत्र वाचलं, आणि वहीची पानं त्याहून जास्त वेळ पाहिली. पत्रात तू स्वतःबद्दल जे लिहिलंस ते वहीत कुठे दिसेना. गुणाकार बरोबर आहेत, अपूर्णांकांना संक्षेप नीट दिलाय, खाडाखोड कमी. ज्याला गणित येत नाही त्याची वही अशी नसते. मी वकील आहे, गणिताची शिक्षिका नव्हे, पण तुझ्या चुका कुठल्या जातीच्या आहेत ते ओळखायला शिक्षिका असायची गरज नाही. सगळ्या एकाच जातीच्या आहेत.

तुझ्या वहीतल्या विहिरी आणि नळाच्या गणितावर जरा थांबू. एका गावात २०० घरं. त्यातल्या १२० घरांना स्वतःची विहीर, १५० घरांना नळ, आणि ९० घरांना दोन्ही. प्रश्न असा: नळ असलेल्या घरांमधून एक घर सहज म्हणून निवडलं, तर त्याला विहीर असण्याची शक्यता किती? तू लिहिलंस ९०/२००, म्हणजे ९/२०. पर्यायांत ९/२० होतंच, तू ते निवडलंस आणि पुढे गेलीस. उत्तर आहे ९०/१५०, म्हणजे ३/५.

आता चारही पर्याय बघ: ९/२०, ३/५, ३/४, १/१०. यातला एकही आकडा हवेतून काढलेला नाही. सगळ्या गावातून घर निवडलं आणि दोन्ही असण्याची शक्यता विचारली, तर ९/२०. विहीर असलेल्या घरांतून निवडलं आणि नळाचं विचारलं, तर ९०/१२० म्हणजे ३/४. आणि १/१० म्हणजे दोन्ही नसलेल्या घरांची शक्यता: १२० आणि १५० मिळवले, दोनदा मोजलेले ९० वजा केले, १८० घरं झाली, राहिली २०. चार पर्याय म्हणजे चार वेगवेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं की मुलं गुणाकारात फारशी चुकत नाहीत. ती चुकतात ‘कशापैकी’ या ठिकाणी. तू एका प्रश्नाचं अचूक उत्तर काढलंस, फक्त तो प्रश्न कोणी विचारला नव्हता.

म्हणून सूत्रं पाठ करण्याचा सल्ला मला तुझ्यासाठी फुकटचा वाटतो. सूत्र तुला येतंच आहे. अनुकूल भागिले एकूण, हे दहावीच्या पुस्तकातलं वाक्य तू वहीच्या वरच्या समासात सुंदर अक्षरात लिहूनही ठेवलंयस. ‘एकूण’ म्हणजे या प्रश्नापुरतं कोण, ते मात्र सूत्र सांगत नाही. ते वाक्यात असतं, ‘ऑफ दोज हू’, ‘अमंग द’, ‘गिव्हन दॅट’ अशा दोन-तीन शब्दांत. घाईत डोळे नेमके त्यांच्यावरून घसरतात, कारण तुझं लक्ष आकड्यांकडे असतं.

आता तर्काच्या प्रश्नांकडे येऊ. तू ते वेगळं दुखणं म्हणून लिहिलंयस. तुझा हिशेब असा दिसतो: गणित एका बाजूला, ते माझं नाही, वाचन आणि कायदा दुसऱ्या बाजूला, ते माझं, तर्क मधेच कुठेतरी. ही वाटणी मला पटत नाही. तू पाठवलेला तर्काचा चुकलेला प्रश्न बघ. उताऱ्यात म्हटलं होतं की अपघातात जखमी झालेल्यांपैकी बहुतेक लोक दुचाकीवर होते, म्हणून रस्त्यावरचं सर्वांत धोक्याचं वाहन दुचाकी. हा युक्तिवाद कशाने कमकुवत होईल, असा प्रश्न. तू निवडलंस: ‘काही अपघात चारचाकी चालकांच्या चुकीने झाले.’ बरोबर पर्याय होता: ‘त्या भागातली बहुतेक वाहनं दुचाकीच आहेत.’ आपल्या गोव्यात दुधाला, बाजाराला, देवळाला आणि कचेरीला माणूस दुचाकीवर जातो, ‘पायलट’ म्हणून भाड्यानेही दुचाकीच मिळते. रस्त्यावर दहातल्या आठ दुचाकी असतील तर जखमींत दहातले आठ दुचाकीवाले निघणार, त्यात दुचाकीचा वेगळा दोष काय? जखमींपैकी किती दुचाकीवाले, हा एक प्रश्न. दुचाकीवाल्यांपैकी किती जखमी, हा दुसरा. धोका कळतो दुसऱ्यातून, आणि उताऱ्याने आकडा दिला पहिल्याचा.

नळवाल्या घरांत विहिरी किती आणि विहीरवाल्या घरांत नळ किती, यात जी गल्लत झाली तीच इथे झाली. एका ठिकाणी आकडे होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते, एवढाच फरक.

कायद्याच्या उताऱ्यात ही गल्लत आणखी गुपचूप येते. समज, उताऱ्यात नियम दिलाय: ‘परवाना असल्याशिवाय कोणालाही किनाऱ्यावर शॅक (खाण्यापिण्याची झोपडी) घालता येणार नाही.’ पुढे एका माणसाकडे परवाना आहे, तर त्याला शॅक घालता येईलच का? नाही, तेवढं त्या वाक्यातून निघत नाही. शॅकवाले सगळे परवानावाले, हे कळलं. परवानावाले सगळे शॅकवाले, हे कोणी म्हटलेलं नाही. या विभागात तुला बरे गुण पडतात, म्हणजे असला उलटसुलटपणा तुझ्या लक्षात येतो. आकडे दिसले की तू तीच नजर बाजूला ठेवतेस, बहुधा ‘हे माझं नाही’ असं आधीच ठरवल्यामुळे.

तुझा दुसरा प्रश्न, वकिलाला गणित लागतं तरी कुठे. रोजच्या कामात हप्ते, व्याज, वारसांचे हिस्से याच्यापलीकडे फार नाही, हे मान्य. गोव्यात तर वारसाहक्काच्या कामात हिश्श्यांचे अपूर्णांक पाचवीला पुजलेले. पण संभाव्यतेवरून माणसं तुरुंगात गेली आहेत, आणि तिथे चूक करणारे अडाणी नव्हते.

इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाची एक सॉलिसिटर होती, म्हणजे आपल्याच व्यवसायातली. तिची दोन तान्ही मुलं एकामागून एक अचानक गेली आणि १९९९ साली तिला खुनासाठी जन्मठेप झाली. खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की अशा घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा आला कुठून? एका बाळासाठी ८,५४३ मध्ये एक असा आकडा घेतला आणि त्याला त्यानेच गुणलं. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच असा गुणाकार चालतो. एकाच घरातली, एकाच आईबापांची मुलं. आनुवंशिक दोष असेल, घरातलं काही कारण असेल, तर पहिला मृत्यू दुसऱ्याची शक्यता वाढवतो. आणि गुणाकार बरोबर धरला तरी पुढे दुसरा खड्डा आहेच. ‘निर्दोष आईच्या घरी असं घडण्याची शक्यता’ आणि ‘असं घडलेल्या घरातली आई निर्दोष असण्याची शक्यता’ या दोन गोष्टी निराळ्या. पुन्हा विहिरी आणि नळ. २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ च्या जानेवारीत दुसऱ्या अपिलात ती सुटली. त्या अपिलात मुख्य मुद्दा बचाव पक्षापासून दूर राहिलेल्या वैद्यकीय चाचण्यांचा होता, पण न्यायालयाने आकड्याचीही झाडाझडती घेतली.

त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलिन्स खटल्यात शिक्षा रद्द केली होती. तिथे सरकारी वकिलाने दाढीवाला पुरुष, मिशीवाला पुरुष, पिवळी गाडी, सोनेरी केसांची बाई अशा एकेका खुणेला अंदाजाने शक्यता लावून सगळ्यांचा गुणाकार केला आणि १ कोटी २० लाखांत एक असा आकडा ज्युरीपुढे ठेवला. दाढी राखणाऱ्याला बहुधा मिशीही असते, एवढं भान त्या गुणाकाराला नव्हतं. असा आकडा समोर आला की उठून ‘कशापैकी?’ विचारणारा वकील हवा, म्हणून प्रवेश परीक्षेत चार आकडे असतात, असं माझं मत.

आता रोकडा हिशेब. क्लॅट म्हणजे १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला १ गुण आणि चुकीला पाव गुण वजा. त्यात क्वांटिटेटिव्हचे, म्हणजे गणिताचे, प्रश्न १० ते १४, आणि लॉजिकलचे, म्हणजे तर्काचे, २२ ते २६. मामेभावाचं ऐकलंस तर पेपरचा साधारण दहावा भाग गेला. पण ‘कशापैकी’ची सवय न लावता तशीच गेलीस तर दोन्ही विभाग मिळून जवळजवळ तिसरा भाग डळमळीत राहतो. (मामेभावाने स्वतः क्लॅट दिली आहे का, ते तू लिहिलं नाहीस.)

आणखी एक, नुसती संभाव्यता म्हणून येणारे प्रश्न थोडेच असतात. काँसोर्शियमने, म्हणजे क्लॅट घेणाऱ्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाने, सांगितलेली पातळी दहावीची, आणि विषय गुणोत्तर-प्रमाण, साधं बीजगणित, क्षेत्रमापन, संख्याशास्त्रीय अंदाज असे. माहितीचा एक तुकडा देतात, उतारा, तक्ता किंवा आलेख, आणि त्यावर पाच-सहा प्रश्न. म्हणजे टक्केवारी जास्त. तिथेही भानगड तीच. नारळ १०० वर होता तो २० टक्क्यांनी चढला आणि मग २० टक्क्यांनी उतरला, तर परत १०० नाही होत, ९६ होतो. उतरलेले २० टक्के १२० चे असतात. क्लासमध्ये तुला पत्ते, फासे आणि रंगीत चेंडूंची जाडजूड गाइडं दिली असतील तर ती कुठल्या सालची ते पाहा. २०२० मध्ये या परीक्षेचा साचा पूर्ण बदलला, सगळं उताऱ्यावर आलं. त्याआधी २०० प्रश्नांचा पेपर असे आणि सुटी सुटी गणितं येत. त्या गाइडांवर आज घाम गाळण्यात अर्थ नाही.

पेपरात प्रश्न अडला तर सोडावा की अंदाज करावा, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या तिन्ही सराव परीक्षांत गणिताच्या जागी ओळीने कोरी वर्तुळं दिसतात. तेव्हा हा प्रश्नच संभाव्यतेने सोडवू. समज, १२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला चार पर्याय. काहीही न वाचता वर्तुळं भरलीस तर सरासरीने ३ बरोबर, ९ चूक. तीनातून सव्वादोन गेले, हाती पाऊण गुण. म्हणजे डोळे मिटून ठोकण्यात नुकसान नाही, पण फायदाही चहापाण्यापुरता, आणि जोखीम आहे: तीनपेक्षा कमी बरोबर आली की पदरचे गुण जातात, तसं होण्याची शक्यता शंभरात साधारण ३९. आता प्रत्येक प्रश्नातला एक पर्याय नक्की चूक म्हणून खोडता आला, तर १२ पैकी ४ बरोबर, ८ चूक, हाती २ गुण. दोन खोडता आले तर ६ बरोबर, ६ चूक, दीड गेला, हाती साडेचार.

साडेचार गुण एकही गणित पूर्ण न सोडवता, ही चैन क्लॅटमध्ये लहान नाही. आणि खोडणं तुला जमण्यासारखं आहे. विहिरींच्या त्या प्रश्नात ‘नळ असलेल्या घरांमधून’ एवढं नीट वाचलं असतंस तर २०० आणि १२० वर उभे असलेले पर्याय, म्हणजे ९/२०, १/१० आणि ३/४, तिन्ही एका नजरेत गेले असते. दुसऱ्या परीक्षा देणाऱ्यांनी मात्र हा हिशेब आंधळेपणाने उचलू नये. महाराष्ट्राच्या विधी सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तिथे कोरं वर्तुळ ठेवणं म्हणजे शुद्ध वेंधळेपणा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आयलेटमध्ये पाव गुण कापतात, आणि तिथे १५० पैकी ७० प्रश्न तर्काचेच असतात, तेव्हा तर्क कच्चा ठेवून त्या वाटेला जाऊच नये.

तर मग करायचं काय. प्रश्न वाचल्यावर आकड्याला हात लावण्याआधी कच्च्या कागदावर एक शब्द लिही: कोणातून? विहिरींच्या गणितात तिथे ‘नळवाले, १५०’ असं येईल. हे मराठीत लिहिलंस तरी चालेल, नव्हे, मराठीतच लिही. तुझी पहिली चार वर्षांची शाळा मराठीतून झाली, पाढे तू आजही मराठीतच म्हणत असशील. कच्चं काम कोणी तपासत नाही. वाक्य इंग्रजीतून वाचायचं, त्याचा अर्थ आपल्या भाषेत एका शब्दात धरायचा, मग आकडेमोड. यात वेळ जातो असं वाटेल, आठवडाभर जाईलही. नंतर जात नाही.

दोन गुणधर्म असले की चौकोनी तक्ता काढ. वर ‘नळ आहे, नळ नाही’, बाजूला ‘विहीर आहे, विहीर नाही’. चार घरांत ९०, ३०, ६०, २० बसले की त्या गावाबद्दल कोणीही काहीही विचारो, उत्तर तक्त्यात दिसतं, सूत्र आठवावं लागत नाही. ‘ॲट लीस्ट वन’ दिसलं की उलट्या बाजूने जा. एखादी बस कुठल्याही दिवशी उशिरा येण्याची शक्यता १/५ असेल, तर तीन दिवसांत निदान एकदा उशिरा येण्याची शक्यता काढायला तिन्ही दिवस वेळेवर येण्याची काढ, ४/५ तीनदा गुणून ६४/१२५, आणि १ मधून वजा कर, ६१/१२५. पेपरात एका दिवसाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं दिलेलं असतं, म्हणून हा गुणाकार चालतो. जुलैच्या पावसात आपल्याकडे तो चालणार नाही, हे तुला मी सांगायला नको. आणि पिशवीतून एक वस्तू काढून परत ठेवली नाही, तर दुसऱ्या वेळी एकूण एकाने कमी. १० फळांत ४ चिकू, लागोपाठ दोन्ही चिकूच निघायची शक्यता ४/१० गुणिले ३/९, म्हणजे २/१५. दहावीच्या पातळीला संभाव्यतेत याच्यापुढे फार काही लागत नाही.

तर्काच्या उताऱ्यात आधी लेखकाचा निष्कर्ष शोध, त्याच्याखाली रेघ मार. मग कारण शोध. दोन्हींच्या मधे जी न बोललेली पायरी असते तीच विचारतात, कधी ‘गृहीतक कोणतं’ म्हणून, कधी ‘कशाने कमकुवत होईल’ म्हणून. सरावासाठी वर्तमानपत्रातला अग्रलेख किंवा वाचकांची पत्रं पुरेत. मराठी वर्तमानपत्रही चालेल, युक्तिवादातली भोकं सगळ्या भाषांत सारखीच असतात आणि वाचकांच्या पत्रांत ती भरपूर सापडतात.

घरी सुटतं आणि परीक्षेत नाही, याला तू ‘डोकं बंद पडणं’ म्हणतेस. मला वाटतं घरी तू प्रश्न दोनदा वाचतेस, परीक्षेत एकदा. ताडून पाहा: पुढच्या सराव परीक्षेनंतर प्रत्येक चुकीसमोर लिही, वाचण्यात चुकलं, आकडेमोडीत चुकलं, की माहीतच नव्हतं. तिसऱ्या रकान्यात गर्दी झाली तर माझा अंदाज साफ चुकला असं समज आणि सरांच्या बॅचला खुशाल जा. पहिल्या रकान्यात झाली तर ती बॅच तुझ्या उपयोगाची नाही.

बॅचबद्दल बोलायचं तर शनिवार-रविवार मिळून सहा तास बसमध्ये. वाळपई-साखळीच्या वळणांवर वही उघडून अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या पोटाचं मला कौतुक वाटतं, पण तो अभ्यास नव्हे. जादा बॅच सोड. क्लासची सराव परीक्षा मात्र सोडू नको, अनोळखी मुलांत घड्याळ लावून बसण्याची सवय घरी लागत नाही. सरांना सरळ सांग की मला शिकवणी नको, माझा तपासलेला पेपर घेऊन अर्धा तास बसा. चांगले शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. मागच्या वर्षांचे पेपर काँसोर्शियमच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. २०२० नंतरचे सगळे उतरवून घे, आणि त्यातला सर्वांत ताजा पेपर नोव्हेंबरसाठी न उघडता ठेव.

वडिलांचं म्हणणं तू एका ओळीत उरकलंस, आणि त्या ओळीत राग आहे. ‘आधी बीए कर’ याचा अर्थ ‘तुला जमणार नाही’ असाच असेल असं धरून चालू नको. बंगळूरू, मुंबई, कुठे नंबर लागेल ते ठाऊक नाही, वसतिगृह, पाच वर्षांचा खर्च, घरापासून लांब, या काळज्या बापमाणूस अशाच वाक्यात बोलतो. त्यांना विचार की नेमकी अडचण पैशांची आहे का. असेल तर तो बोलण्यासारखा विषय आहे आणि शैक्षणिक कर्जापासून शिष्यवृत्तीपर्यंत त्याला वाटा आहेत. शिवाय क्लॅट नाही लागली तर बीए करून मग तीन वर्षांची एलएलबी, एवढीच एक वाट उरते असंही नाही. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयात आहे, मडगावच्या कारे विधी महाविद्यालयातही आहे. प्रवेशाचे यंदाचे नियम दोन्हीकडे आताच विचारून ठेव, निकालानंतर धावपळ नको. हे मी तुला सोपी पळवाट म्हणून सांगत नाही. गोव्यातल्या न्यायालयांत उभे राहणारे कितीतरी चांगले वकील याच दोन महाविद्यालयांतले आहेत, आणि इथली पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता, लग्नानंतरची सामाईक मालमत्ता, कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), हे सगळं इथे राहून जितकं कानावर पडतं तितकं लांब पडत नाही. तुला बाहेर जायचंय, जरूर जा. पण ‘क्लॅट नाही तर काहीच नाही’ असं मनात धरून पेपराला बसलीस तर त्या दोन तासांत तुझं वाचन आणखी बिघडेल.

पेपरात गणित कधी घ्यायचं, हेही ठरवून जा. तू ते अगदी शेवटी, उरल्या दहा मिनिटांत घेतेस, आणि घाईत वाचणं ही तुझी मुख्य अडचण असताना घाईचीच वेळ त्याला देतेस. ते कायद्याच्या विभागानंतर लगेच घेऊन बघ, कारण तिथे तू शब्द न शब्द तोलत असतेस. एका प्रश्नावर दीड मिनिटाच्या वर थांबायचं नाही; खोडता येतील ते पर्याय खोडायचे, दोन उरले तर एक भरायचा आणि पुढे जायचं. पुढच्या दोन सराव परीक्षा या क्रमाने दे, चुकांचे ते तीन रकाने भर, आणि ती पानं मला पाठव. या वेळी फोटो जरा उजेडात काढ, शेवटच्या पानावरची दोन गणितं मला वाचताच आली नाहीत.